घोड्याच्या टेंडनला लाल प्रकाश: किती, कुठे आणि कधी नाही

प्रश्न थोडक्यात असा आहे. घोडा थरोब्रेड, आठ वर्षांचा, शर्यतीतून बाहेर पडलेला, आता रपेटीसाठी वापरात. पुढच्या डाव्या पायाच्या नळीमागे सूज आली. सोनोग्राफीत वरच्या, म्हणजे कातडीलगतच्या, फ्लेक्सर टेंडनच्या (स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या दोरीच्या) मधोमध काळा डाग, म्हणजे फाटल्याची खूण दिसली. डॉक्टरांनी विश्रांती सांगितली आहे. मालकांनी ६६० आणि ८५० नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश देणारा एलईडी पट्टा मागवला आहे. तो रोज किती वेळ बांधायचा, आणि खोगिराखाली पाठ दुखते तिथंही तोच चालेल का?

पायाला चालेल. पाठीला थोडा चालेल, पण पाठीचं कारण आधी शोधावं लागेल. आणि पट्ट्यासोबत आलेल्या पत्रकावरची '२० मिनिटं, दिवसातून दोनदा' ही सूचना आहे तशी पाळू नका.

हा प्रकाश काय करतो ते आधी. पेशीतल्या मायटोकाँड्रियात सायटोक्रोम सी ऑक्सिडेझ नावाचं एन्झाइम असतं. ते लाल आणि जवळच्या अवरक्त पट्ट्यातला प्रकाश शोषतं. त्यामुळे पेशीची ऊर्जानिर्मिती वाढते, नायट्रिक ऑक्साइड मोकळं होऊन तिथला रक्तप्रवाह सुधारतो आणि दाह थोडा आटोक्यात येतो, असं आजचं स्पष्टीकरण आहे. १९६७ साली बुडापेस्टमध्ये एंद्रे मेस्टर यांनी उंदरांची पाठ भादरून तिथं रूबी लेझर मारला. लेझरनं कर्करोग होतो का हे त्यांना पाहायचं होतं. कर्करोग झाला नाही, उलट केस लवकर उगवले. या उपचाराचा इतिहास तिथून सुरू होतो. त्यातून आपल्या कामाची एक गोष्ट लक्षात ठेवा: भादरलेल्या जागी केस भराभर आले म्हणून आतला टेंडन भरला असं होत नाही. तबेल्यात हा गैरसमज वारंवार दिसतो.

टेंडनला प्रकाशाचा उपयोग होण्याची शक्यता जास्त असते, याचं कारण शरीररचनेत आहे. घोड्याच्या गुडघ्याखाली मांसल स्नायू जवळपास नसतोच. वरचा फ्लेक्सर टेंडन कातडीखाली लगेच, काही मिलिमीटरवर असतो. ८१० ते ८५० नॅनोमीटरचा प्रकाश तिथवर पोचू शकतो. ६३० ते ६६० चा लाल प्रकाश बहुतेक कातडीतच संपतो, म्हणून तो जखमेला बरा. तुमच्या पट्ट्यात दोन्ही आहेत. पायासाठी खरं काम ८५० करणार आहे आणि तो डोळ्यांना जवळजवळ दिसत नाही. पट्ट्यातले निम्मे दिवे 'बंद' वाटले तर लगेच परत पाठवू नका. मोबाइलचा पुढचा कॅमेरा त्यांच्यासमोर धरा, बहुतेक फोनमध्ये ते फिकट जांभळे दिसतात. मागच्या कॅमेऱ्याला बरेचदा अवरक्त गाळणी असते, त्यात काहीच दिसणार नाही.

आता सर्वांत जास्त फरक पाडणारी आणि सर्वांत जास्त टाळली जाणारी गोष्ट: केस आणि मळ. घोड्याचे केस प्रकाश परतवतात आणि शोषतात. त्यांत धूळ, घामाचं मीठ आणि लावलेलं तेल मिसळलं की पोचणारा प्रकाश आणखी घटतो. हिवाळी दाट केसांवरून पट्टा बांधणं म्हणजे पडद्याआडून ऊन घेणं. केस ठेवून वेळ दुप्पट केला तर भरपाई होईल असं वाटतं. पण केस किती खातात हे प्रत्येक घोड्यागणिक बदलतं, आणि वाढवलेल्या वेळात फक्त उष्णता साचते. म्हणून सोनोग्राफीसाठी डॉक्टरांनी जो भाग भादरला आहे, तेवढाच भाग दर दहा-बारा दिवसांनी क्लिपरनं पुन्हा भादरून घ्या. वस्तरा नको, त्यानं कातडी सोलवटते आणि पावसाळ्यात तिथं संसर्ग होतो. खरारा करा, साध्या पाण्यानं धुवा, पूर्ण कोरडं करा, मग ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या बोळ्यानं पुसून पुन्हा वाळू द्या. उघडी जखम असेल तर अल्कोहोल लावायचं नाही. सोनोग्राफीच्या जेलचा चिकट थर राहिला असेल तर तोही काढा. मालिशीचं तेल, कापराचं मलम, आयोडीन, चांदीचं पांढरं मलम यांपैकी काहीही कातडीवर असताना प्रकाश देऊ नका. काही प्रकाश अडवतात, काही पट्ट्याखाली तापून चरचरतात. मलम लावायचंच असेल तर प्रकाश झाल्यावर.

मात्रेचा हिशेब अवघड नाही, पण पत्रकं तो करू देत नाहीत. पत्रकावर दिव्यांची संख्या आणि वॅट छापलेले असतात. ते वॅट विजेचे असतात, प्रकाशाचे नाहीत. तुम्हाला हवा तो आकडा म्हणजे कातडीला टेकवल्यावर प्रति चौरस सेंटिमीटर किती मिलिवॅट प्रकाश पडतो. विक्रेत्याला लेखी विचारा. कापडी पट्ट्यांत हा आकडा बहुधा २० ते ४० च्या आसपास असतो. '१००' किंवा '२००' लिहिलेलं असेल तर ते सौर मीटरनं मोजलेलं असण्याची शक्यता धरा, ते मीटर या दिव्यांसाठी बनलेले नसतात आणि फुगवून दाखवतात.

सूत्र असं: हवे असलेले जूल (प्रकाशाच्या ऊर्जेचं माप) गुणिले १०००, भागिले मिलिवॅट, म्हणजे सेकंद. टेंडनसाठी कातडीवर प्रति चौरस सेंटिमीटर ८ ते १० जूल ही कामाची मात्रा. तुमचा पट्टा ३० मिलिवॅट देत असेल तर ९ जूलला ३०० सेकंद लागतील, म्हणजे ५ मिनिटं. २५ मिलिवॅटला १० जूल हवे असतील तर ४०० सेकंद, म्हणजे पावणेसात मिनिटं. आणि पत्रकावरची २० मिनिटं? ३० मिलिवॅटला ती ३६ जूल होतात. या उपचारात जास्त म्हणजे चांगलं असं नसतं. कमी मात्रेला काही होत नाही, मधल्या मात्रेला परिणाम दिसतो, त्याहून पुढे गेलं की परिणाम ओसरतो आणि कधी उलटा होतो. बाकी सगळं बरोबर करूनही गुण न येण्याचं एक मोठं कारण हेच.

पट्टा नळीला तिन्ही बाजूंनी वेढत असेल तर एकदाच पुरे. उभं पॅनेल वापरत असाल तर आतून, बाहेरून आणि मागून असं तीनदा द्यावं लागेल, प्रत्येक बाजूला पूर्ण वेळ. पॅनेल दूर नेलं की प्रकाश घटतो, म्हणून ज्या अंतरावरचा आकडा दिला आहे त्याच अंतरावर धरा.

डॉक्टरांकडे लेझर असेल तर हिशेब वेगळा मांडावा लागतो. समजा इजा १२ सेंटिमीटर लांब आणि ४ सेंटिमीटर रुंद पट्ट्यात आहे, म्हणजे ४८ चौरस सेंटिमीटर. ८ जूलनं ३८४ जूल झाले. अर्ध्या वॅटच्या, म्हणजे लेझरच्या सुरक्षा-वर्गवारीतल्या तिसऱ्या 'ब' वर्गाच्या लेझरला त्यासाठी जेमतेम १३ मिनिटं लागतात. १० वॅटचा चौथ्या वर्गाचा लेझर तेवढेच जूल ३८ सेकंदांत ओततो. म्हणूनच तो एका जागी धरायचा नसतो, सतत फिरवायचा असतो. काळ्या कातडीवर तो दोन सेकंद थांबला तरी घोडा पाय झटकतो, आणि त्याचं बरोबर असतं. चौथ्या वर्गाचं यंत्र भाड्यानं आणून स्वतः मारण्याच्या फंदात पडू नका. ९०४-९०५ नॅनोमीटरचे स्पंद देणारे लेझर 'इतक्या वॅटचे' म्हणून विकले जातात, तो आकडा एका स्पंदाच्या शिखराचा असतो. मात्रा सरासरी शक्तीवरून काढायची.

रंगाचाही प्रश्न आहे. कातडीतलं रंगद्रव्य, मेलॅनिन, प्रकाश शोषतं आणि त्याची उष्णता करतं. लालपेक्षा अवरक्त प्रकाश कमी शोषला जातो, तरी फरक राहतोच. काळ्या कातडीच्या पायाला पहिल्या दोन वेळा निम्मी मात्रा द्या आणि काढल्यावर पंजाची मागची बाजू लावून पाहा. दुसऱ्या पायापेक्षा किंचित कोमट चालेल, गरम नाही. मात्रा वाढवायची झाल्यास एका बैठकीचा वेळ ताणण्यापेक्षा सकाळ-संध्याकाळ विभागून द्या.

उष्णतेवर एवढा भर का, तर वेगात पळताना याच टेंडनच्या गाभ्याचं तापमान ४५ अंश सेल्सिअसपर्यंत मोजलं गेलं आहे. गाभ्यात रक्तपुरवठा कमी, उष्णता बाहेर पडायला वाट नाही. टेंडन मधूनच का फाटतो याच्या कारणांत हे एक मानलं जातं. ताज्या इजेवर गरम होणारा पट्टा बांधणं म्हणून चुकीचं. इजा झाल्यापासूनचे पहिले ४८ ते ७२ तास थंडाव्याचे: बर्फाचं पाणी किंवा बर्फाची पिशवी २० मिनिटं, दिवसातून तीन-चार वेळा, मध्ये आधाराची पट्टी, तबेल्यात पूर्ण विश्रांती आणि डॉक्टरांनी दिलेलं दाहशामक. सोनोग्राफीही पहिल्याच दिवशी पुरी बोलत नाही, इजा सुरुवातीच्या दिवसांत पसरू शकते. पहिली तपासणी लवकर झाली असेल तर आठवड्यानं पुन्हा करून घ्या, कारण पुढचं सगळं त्या आकारावर ठरतं.

चौथ्या दिवसापासून, पाय हाताला तापलेला लागत नसेल तर, प्रकाश सुरू करा. पहिले दोन आठवडे एक दिवसाआड, घोडा नीट सोसत असेल तर रोज. त्यानंतर आठवड्यातून तीनदा, साधारण सहा ते आठ आठवडे. पुढे चालू ठेवायचं की नाही ते सोनोग्राफीवर ठरवा.

पण टेंडनला घडवतो तो व्यायाम. आधी भरून येणारं कोलॅजन (टेंडनचे धागे ज्याचे असतात ते प्रथिन) तिसऱ्या प्रकारचं, कमकुवत आणि वेडंवाकडं असतं. ते ताणाच्या दिशेनं रचलं जायला नियंत्रित चाल लागते, आणि या रचनेला सहा महिन्यांहून जास्त वेळ जातो. सर्वसाधारण क्रम असा: डॉक्टरांनी परवानगी दिली की हातात धरून कठीण, सपाट जमिनीवर ५ ते १० मिनिटं चाल, दिवसातून दोनदा. दर आठवड्याला ५ मिनिटं वाढवत ४०-४५ मिनिटांपर्यंत न्या आणि तिसऱ्या महिन्याअखेरपर्यंत तिथंच ठेवा. सोनोग्राफी समाधानकारक असेल तरच दुडकी, तीही सरळ रेषेत आणि सुरुवातीला काही मिनिटंच. पूर्ण कामावर परत यायला ९ ते १२ महिने. प्रकाशानं यातला एकही टप्पा गाळता येत नाही. उलट इथं एक धोका आहे: प्रकाशानं दुखणं कमी होतं, पाय सडपातळ दिसतो, घोडा उड्या मारायला लागतो आणि सहाव्या आठवड्यात कोणीतरी त्याला मोकळा सोडतं. टेंडन दुसऱ्यांदा फाटतो तो बहुधा असाच. लंगडणं थांबलं ही व्यायाम वाढवण्याची परवानगी समजू नका.

पट्टा बांधताना मोतद्दाराला दोन-तीन गोष्टी नीट सांगा. पट्टा कातडीला टेकला पाहिजे, आवळला जाता कामा नये. क्रेप पट्टीनं वरून घट्ट गुंडाळू नका, वेलक्रो पुरतो. घोडा बांधलेला, माणूस शेजारी, खाली रबरी चटई. पहिल्या दिवशी पट्टा न लावता दाखवा, मग लावून बंद ठेवा, मग चालू करा. पॅनेलचा पंखा सुरू होण्याच्या आवाजानं घाबरणारे घोडे प्रकाशानं घाबरणाऱ्यांपेक्षा जास्त असतात. भिंतीतल्या विजेवर चालणारं यंत्र ओल्या तबेल्यात वापरू नका. घोड्याला विजेचा धक्का माणसापेक्षा कमी व्होल्टेजलाही जीवघेणा ठरू शकतो आणि पायांत नाल असते. बॅटरीवरचा पट्टा घ्या, नाहीतर अर्थिंग तपासून आणि गळती झाल्यावर वीज तोडणारा स्विच बसवूनच. लिथियमची बॅटरी चालू ठेवून घोड्याला एकटं सोडलं तर तो ती चावतो. एकाच पट्ट्यावर दोन-तीन घोडे असतील तर मध्ये पारदर्शक पातळ प्लास्टिक घाला आणि दरवेळी फेका. गजकर्ण असंच एका घोड्यावरून दुसऱ्यावर जातं.

डोळे सांभाळा, घोड्याचे आणि स्वतःचे. घोड्याच्या डोळ्याच्या आतल्या पडद्यामागे परावर्तक थर असतो, बाहुली मोठी असते. पायावर काम करताना तो मान खाली घालून वास घ्यायला येतोच. लेझर असेल तर त्याच तरंगलांबीचे चष्मे सगळ्यांना, आणि घोड्याच्या डोळ्यांवर झापड किंवा जाड टॉवेल. साधा काळा चष्मा चालत नाही.

आता पाठ. पाठीचा लांब स्नायू काही सेंटिमीटर जाड असतो. प्रकाश त्याच्या वरच्या थरात पोचतो आणि ताठरलेला स्नायू सैल व्हायला मदत करू शकतो. १० ते १२ जूल, आठवड्यातून तीनदा, व्यायामानंतर आणि पाठ धुऊन वाळवल्यावर. पण मणक्यांचे उंचवटे एकमेकांवर घासत असतील, किंवा दुखणं कमरेच्या सॅक्रोइलियॅक सांध्यात असेल, तर तिथवर कुठलाही एलईडी पोचत नाही. तो सांधा हाताच्या पंजाएवढ्या जाडीच्या स्नायूंखाली आहे. त्याआधी खोगीर पाहा. घोडा सपाट उभा करून रिकामं खोगीर ठेवा, पुढच्या उंचवट्याखाली दोन-तीन बोटं जातात का, मधला भाग तरंगतो का, रपेटीनंतर घामाच्या ठशात कोरडे ठिपके राहतात का. कोरडा ठिपका म्हणजे तिथं दाब. पुढच्या पायाचा टेंडन दुखत असताना घोडा भार सरकवतो, त्यानंही पाठ धरते. तुमच्या घोड्याबाबत मला हीच शंका आधी येते. सध्या स्वारी बंदच आहे, तेव्हा तीन आठवड्यांनी पाठ आपोआप मऊ झाली असेल तर उत्तर मिळालं.

माथेरान, महाबळेश्वरला पर्यटक वाहणाऱ्या घोड्यांची पाठ लागते तिथंही हाच क्रम. कातडी फुटलेली असताना खोगीर टाकत राहायचं आणि रात्री लाल दिवा लावायचा, यातून काही मिळत नाही. दाब काढा, गादीचा कापूस बदला, जखम साध्या मीठ-पाण्यानं धुवा (१ लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात ९ ग्रॅम मीठ), मग २ ते ४ जूल लाल प्रकाश एक दिवसाआड. गुडघ्याखालच्या जखमा घोड्यात हळू भरतात आणि त्यांत मांस फाजील वाढतं. अशा जखमांवर प्रकाशाचे प्रयोग छोटे आहेत आणि त्यांचे निकाल एकसारखे नाहीत, त्यामुळे तिथं पट्टी, स्वच्छता आणि गरज पडल्यास फाजील मांस छाटणं हेच मुख्य. कुठल्याही जखमेला धनुर्वाताची लस पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नका, घोडा धनुर्वाताला फार नाजूक आहे.

कुठे अजिबात द्यायचा नाही? गाठीवर. पांढरे, म्हणजे गडद रंगाचे जन्मून पांढरे होत गेलेले घोडे म्हातारे होतात तेव्हा त्यांच्यातल्या बहुतेकांना मेलॅनोमा (रंगपेशींच्या गाठी) होतो. शेपटीखाली, गुदाभोवती, शिस्नाच्या आवरणावर, कानाखाली काळ्या गाठी दिसल्या तर तो भाग सोडा. चामखिळीसारखा दिसणारा सारकॉइडही गाठच आहे, आणि फाजील वाढलेल्या मांसाशी त्याची गल्लत होते. निदान नसेल तर प्रकाश नाही. गाभण घोडीच्या पोटावर आणि कंबरेवर नाही. शिंगराच्या वाढीच्या हाडांवर डॉक्टरांशिवाय नाही. रक्त वाहत असेल तिथं नाही. डॉक्सीसायक्लिन, ऑक्सिटेट्रासायक्लिन किंवा सल्फाची औषधं चालू असतील तर आधी विचारा, कातडी प्रकाशाला संवेदनशील होऊ शकते. यकृत बिघडलेल्या घोड्याचे पांढरे मोजे आणि नाकाचा पांढरा पट्टा उन्हानं भाजतात, त्याच्यावरही नको. सांधा अचानक फुगला, ताप आला, पाय टेकवतच नाही, असं असेल तर पट्टा बाजूला ठेवून तडक डॉक्टर. जंतू शिरलेला सांधा किंवा हाड तडकणं, यांत एक दिवसही महाग पडतो. खुरातल्या दुखण्यालाही हा उपाय नाही, खुराच्या भिंतीतून प्रकाश जात नाही.

आणखी एक, कारण बाजारात गोंधळ आहे. फिजिओथेरपीच्या दुकानात मिळणारा १५० वॅटचा लाल काचेचा दिवा, जो कोंबड्यांच्या पिल्लांनाही लावतात, तो उष्णतेचा दिवा आहे. त्याचा बहुतेक प्रकाश १००० नॅनोमीटरच्या पलीकडे असतो. घोडा वाळवायला, थंडीत पाठ शेकायला ठीक. टेंडनला तो लावू नका.

प्रगती नजरेनं ठरवू नका. गुडघ्यामागच्या हाडाच्या उंचवट्यापासून १० आणि १५ सेंटिमीटर खाली मार्करनं खूण करा. दर रविवारी सकाळी, चालवण्याआधी, शिंप्याच्या टेपनं दोन्ही पायांचा घेर मोजून वहीत लिहा. त्याच वहीत प्रकाशाची तारीख, मिनिटं आणि कातडीची उष्णता. पाय उचलून टेंडन अंगठा आणि तर्जनीत धरून गुडघ्यापासून खाली सरका, घोडा कुठे पाय ओढतो ती जागा टिपा. सोनोग्राफी सहा ते आठ आठवड्यांनी, मग व्यायामाच्या प्रत्येक मोठ्या टप्प्याआधी. तीन आठवड्यांत घेर, उष्णता आणि दाबल्यावरचं दुखणं या तिन्हींपैकी काहीच हललं नाही, तर वेळ वाढवण्याआधी पट्टा कातडीला टेकतोय का, केस वाढलेत का, बॅटरी शेवटपर्यंत पूर्ण प्रकाश देते का हे पाहा. ते सगळं ठीक असेल तर वही घेऊन डॉक्टरांकडे जा आणि सोनोग्राफी पुन्हा करा. घेर एका आठवड्यात अर्ध्या सेंटिमीटरनं वाढला तर प्रकाश आणि चाल दोन्ही त्याच दिवशी थांबवा.